रीबिल्ट टायटलची २०१७ कोरोला: भाच्यासाठी घ्यावी का? (टेक्सस)

मेथीकूट
माझा भाचा टेक्ससमध्ये अर्लिंग्टनला एमएस करतोय. त्या शहरात धड बससेवा नाही. कॅम्पसवरची नोकरी रात्री साडेदहाला सुटते आणि रोज कोणाकडे तरी राइड मागायची त्याला लाज वाटते. दोन रूममेट पेट्रोल वाटून घ्यायला तयार आहेत. बजेट ८ हजार डॉलर, तेही ताईने एफडी मोडून पाठवलेले.

त्याला फेसबुक मार्केटप्लेसवर २०१७ ची कोरोला एलई दिसली आहे. ९४ हजार मैल, ७,२०० डॉलर, रीबिल्ट टायटल, म्हणजे विमा कंपनीने एकदा टोटल (दुरुस्ती परवडत नाही असं) ठरवलेली गाडी दुरुस्त केल्याची मालकीच्या कागदावर, टायटलवर, नोंद. तशीच क्लीन टायटलची (असा शिक्का नसलेली) गाडी त्याला साडेअकरा हजारांच्या खाली कुठे मिळेना. विकणारा सांगतो, "गारांनी टोटल झाली होती, इंजिनला धक्का नाही." फोटोत गाडी चकाचक आहे.

मी राहते न्यू जर्सीत, तिथे जाऊन बघणं मला शक्य नाही. अशा गाडीला इन्शुरन्स मिळतो का? तिच्यावर विश्वास ठेवावा का? शनिवारी तो बघायला जाणार आहे, तर त्याने नेमकं काय बघावं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

रानजाई
घेऊ नका. कर्ज सहसा मिळत नाही, उद्या विकायला काढली की कोणी फिरकत नाही, आणि मुख्य म्हणजे आत काय करून ठेवलंय ते कळत नाही. आठ हजारांत २०१२-१३ ची क्लीन यारिस किंवा व्हर्सा बघा. दिसायला साधी असेल, पण मुलगा सुखरूप घरी येईल.

ओव्हरटाइम
रानजाई, सरसकट असं नका म्हणू. माझी रीबिल्ट सिव्हिक ६८ हजार मैलांवर घेतली होती, आता दीड लाखाच्या पुढे गेली आहे. चोरीला जाऊन सापडलेली गाडी होती. चोरांनी चाकं, सीटा आणि पुढचा बंपर काढून नेला होता. सांगाडा शाबूत होता. विकणाऱ्याकडे दुरुस्तीच्या आधीचे फोटो आणि पार्टची बिलं होती, म्हणूनच घेतली. माझं मत: आधीचे फोटो नसतील तर गाडी बघायलाही जाऊ नये.

क्लेमवाली
मी बरीच वर्षं ऑटो क्लेममध्ये एस्टिमेट काढते, सध्या डॅलसच्या बाजूलाच. थोडं मुळापासून लिहिते, कारण 'टोटल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चेंदामेंदा झालेली गाडीच येते.

टोटल हा हिशोबाचा निर्णय असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून बघतात आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की टायटलवर सॅल्व्हेजचा, म्हणजे भंगारात निघाल्याचा, शिक्का बसतो. गाडी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली की तो शिक्का रीबिल्ट होतो आणि मग कायम राहतो. मर्यादा प्रत्येक राज्याची वेगळी. ओक्लाहोमात ६० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५, फ्लोरिडात ८०, टेक्ससमध्ये १००. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत असं सूत्र लावतात.

याचा व्यवहारात अर्थ असा. १० हजारांची कोरोला ओक्लाहोमात ६ हजारांच्या दुरुस्तीला सॅल्व्हेज होते. सीमेवरच्या रेड नदीच्या अलीकडे टेक्ससमध्ये त्याच गाडीचं बिल १० हजारांच्या वर जावं लागतं, आणि त्या बिलात रंगकाम धरतच नाहीत. म्हणजे टेक्ससचा शिक्का असेल तर मार मोठा होता असं समजूनच सुरुवात करायची. आणि रानजाई, याचीच दुसरी बाजू अशी की ९ हजारांचं काम झालेली गाडी टेक्ससमध्ये क्लीन टायटलवर फिरत असू शकते. तेव्हा क्लीन गाडीही तेवढीच तपासून घ्यायची.

स्वस्त गाड्या लवकर टोटल होतात, कारण त्यांची मूळ किंमतच कमी. दोन एअरबॅग उघडल्या की बॅगा, डॅशबोर्ड, पट्टे, कंट्रोल मॉड्यूल असा खर्च वाढत जातो. कोरोला, सेन्ट्रा, एलान्ट्रा, फिट या गाड्या लिलावात इतक्या दिसतात त्या यामुळे.

मेथीकूट, शनिवारच्या आधी एक काम करा. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) घ्या आणि एनएमव्हीटीआयएस या देशभरातल्या टायटल नोंदींच्या सरकारी यादीतून रिपोर्ट काढा. व्हेइकलहिस्टरी डॉट गव्ह या सरकारी साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी आहे, रिपोर्ट थोडक्या डॉलरांत मिळतो. २००९ पासून विमा कंपन्या आणि भंगारवाले यांना तिथे नोंद करणं बंधनकारक आहे. एनआयसीबी या विमा फसवणूक आणि चोरी रोखणाऱ्या संस्थेचं व्हिनचेक तर फुकट आहे. मग तोच व्हीआयएन गूगलवर टाकून फोटो शोधा. कोपार्ट किंवा आयएएच्या लिलावातले फोटो इतर साइटींवर बऱ्याचदा शिल्लक असतात. शिक्का कोणत्या राज्यात आणि कधी बसला, ते इथे लिहा.

मेथीकूट
क्लेमवाली, खूप आभार. भाच्याने रात्रीच रिपोर्ट काढला. सॅल्व्हेज टेक्ससमध्येच, गेल्या वर्षी मार्चमध्ये. चार महिन्यांनी रीबिल्ट. विकणारा अजून गारांचंच सांगतो. डीएफडब्ल्यूमध्ये (डॅलस-फोर्टवर्थ भागात) दर वसंतात गारा पडतात म्हणून आम्हाला ते खरंही वाटलं.

क्लेमवाली
मग गारांची गोष्ट जुळत नाही. टेक्ससच्या कायद्यात सॅल्व्हेजची जी व्याख्या आहे, तिच्यातून गारांच्या दुरुस्तीचा दावा स्पष्ट वगळलेला आहे. चोरीचंही तसंच, चोरीत गाडीची मोडतोड झाली असेल तरच धरतात. दुसऱ्या राज्यातून शिक्का घेऊन आलेली गाडी असती तर गारा शक्य होत्या. टेक्ससचाच शिक्का आणि कारण गारा, हे मला पटत नाही. फोटो सापडल्याशिवाय एक डॉलरही ॲडव्हान्स देऊ नका.

विकणाऱ्याकडे व्हीटीआर-६१ फॉर्मची प्रतही मागा. रीबिल्ट टायटलसाठी दुरुस्ती करणाऱ्याला हा फॉर्म आणि ६५ डॉलर भरावे लागतात. कोणते मुख्य भाग बदलले आणि ते कुठून आणले, हे त्यात लिहायचं असतं. ज्याने सरळ काम केलंय त्याच्याकडे प्रत असते. मात्र तो कागद म्हणजे त्याचं स्वतःचं निवेदन आहे, गाडी सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. न्यूयॉर्कमध्ये सरकारी तपासणी होते, पण तीही चोरीचे पार्ट शोधण्यासाठी. त्यात टेक्ससने जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीच बंद केली आहे. त्यामुळे तपासायचं ते घेणाऱ्यानेच.

उद्यमनगर
वडिलांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, मी इकडे बॉडी शॉपमध्ये आहे. शनिवारी काय बघायचं ते सांगतो. सकाळच्या उजेडात जायचं, आणि गाडी नुकतीच धुतलेली, ओली असेल तर ती सुकेपर्यंत थांबायचं. ओल्या रंगावर काही दिसत नाही.

आधी पुढचे दोन्ही दिवे बघ म्हणावं. आठ वर्षांच्या गाडीचा एक दिवा पिवळट आणि दुसरा काचेसारखा नितळ असेल तर मार त्या नितळ बाजूला बसलाय. मग बॉनेट उघडायचं. फेंडरच्या बोल्टवर रंग उडालेला आहे का, म्हणजे पाना लागलाय का? दोन्ही बाजूंच्या पत्र्याचे जोड आरशात बघितल्यासारखे सारखे हवेत. कारखान्याचे स्पॉट वेल्ड गोल, ठरावीक अंतरावर असतात. कुठे वेल्डिंगची ओघळ दिसली, किंवा सीलरचा थर बोटाने फासल्यासारखा दिसला, तर तिथे कापाकापी झाली आहे. दारांच्या फटीतून बोट फिरवायचं, वर अरुंद आणि खाली रुंद लागली तर गाडी वाकली होती.

रंगाची जाडी मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. ३०० दिसला तर पुन्हा रंगवलंय, त्यात वाईट काही नाही. पण हजार-दीड हजार आकडा आला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. दारावर थोडी लांबी चालेल. खांबांवर, छताला किंवा सिलवर (दारांखालच्या पट्टीवर) सापडली तर गाडी सोडायची.

टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत का, ते हात घालून बघायचं. चालवताना सरळ मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडायचं, गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एअरबॅग. चावी किंवा बटण ऑन केलं की एअरबॅगचा लाल दिवा पाच-सहा सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. आणि मुळात लागलाच नाही, तर त्याहून वाईट. कोणीतरी तो दिवाच मारून टाकलाय.

२०१७ पासून अमेरिकेतल्या कोरोलात टोयोटा सेफ्टी सेन्स ही टक्कर टाळायला मदत करणारी यंत्रणा सरसकट येते. तिचा रडार पुढच्या लोगोमागे आणि कॅमेरा पुढच्या काचेवर असतो. पुढून मार बसला असेल तर नुसता बंपर बदलून भागत नाही, रडारचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी) करावं लागतं. त्याचं बिल मागा.

पंचगंगा
मी कोल्हापूरचा, गाडी घेण्याशी संबंध नाही पण धागा वाचून राहवलं नाही. २०१९ च्या पुरानंतर इथल्या किती बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या असतील देव जाणे. दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेली की आपल्याकडेही विमा कंपनी टोटल लॉस धरते, पण आरसीवर तसा शिक्का बसत नाही. तुमच्याकडे निदान कागद बोलतो.

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे धुतात, आतल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का आणि स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, तेही बघा. एसी लावल्या लावल्या कुबट वास आला तर निघून या.

क्लेमवाली
पंचगंगा, अगदी बरोबर. इकडे २०१७ च्या हार्वे वादळानंतर ह्यूस्टनच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा असाच प्रश्न झाला होता. पुराची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, या बाबतीत मी रानजाईंच्या बाजूने आहे. ठोकलेला पत्रा सरळ करता येतो. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी त्रास द्यायला लागतं.

मेथीकूट
शनिवारचा वृत्तांत. भाचा आणि त्याचा रूममेट सकाळी गेले होते, मी व्हिडिओ कॉलवर होते.

आदल्या रात्री लिलावाचे फोटो सापडले. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा कोपरा पार आत गेलेला, चाक तिरकं, आणि स्टिअरिंगवर पांढरी बॅग लोंबतेय. प्रवाशाच्या बाजूचीही उघडलेली. गारांचा मागमूस नाही. तरी उद्यमनगर यांनी सांगितलेलं सगळं प्रत्यक्ष बघून यावं म्हणून मुलं गेली. डावा दिवा नितळ, उजवा पिवळट.

त्याने इग्निशन ऑन केलं आणि फोन डॅशबोर्डसमोर धरला. इंजिनचा दिवा लागला, ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला. एअरबॅगचा लागलाच नाही. पुन्हा बंद करून ऑन केलं. पुन्हा नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बल्ब गेला असेल." स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंगही बाकी स्टिअरिंगपेक्षा किंचित वेगळा होता, ते रूममेटच्या लक्षात आलं. नमस्कार करून परत आले.

त्या मुलांनी रोज रात्री त्या गाडीतून हायवेवरून ये-जा केली असती. मला अजून धडधडतंय. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, त्याचं मोल शब्दांत सांगता येणार नाही.

उद्यमनगर
फार चांगलं झालं. झाकण नवीन घालून आत बॅगच न बसवणं, किंवा वायरीत रेझिस्टर टाकून कंप्युटरला बॅग आहे असं भासवणं, असे प्रकार मी स्वतः उघडून बघितलेत. रेझिस्टर घातला असेल तर दिवा नेहमीसारखा लागून विझतो, म्हणून नुसत्या दिव्यावरही भिस्त ठेवू नका. नवीन बॅगांचं बिल, त्यावरचे पार्ट नंबर आणि दुकानाचं नाव मागा.

आणखी एक धोका आहे. जुलै २०२४ मध्ये एनएचटीएसए या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेने इशारा दिला होता. अपघातानंतर बसवलेले स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटर (बॅग फुगवणारा भाग) पुढच्या अपघातात फुटून त्यांचे धातूचे तुकडे चालकाला लागले. त्याआधीच्या नऊ महिन्यांत तिघांचा जीव गेला होता आणि दोघे कायमचे जायबंदी झाले होते. नवीन बॅग ओरिजिनल नसेल तर ती नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. माझा नियम सांगतो: ज्या रीबिल्ट गाडीच्या बॅगा उघडल्या होत्या ती विद्यार्थ्याने घेऊच नये. ज्या गाडीच्या बॅगा कधी उघडल्याच नाहीत अशी शोधावी.

रानजाई
हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. ज्या मुलांना मावशी नाही, असा धागा नाही, ती मुलं काय करत असतील? दर सेमिस्टरला शेकडो मुलं येतात आणि पहिल्या महिन्यात मिळेल ती गाडी रोखीने घेतात. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी नवीन विद्यार्थ्यांसाठी पोळीभाजीच्या पत्त्यांसोबत ही माहितीही द्यायला हवी.

ओव्हरटाइम
रानजाई, यावर पूर्ण सहमत. मी आमच्या मंडळात विषय काढतो.

मेथीकूट, चोरीतून सापडलेल्या गाड्याही बघा. २०११ ते २०२२ च्या चावीने चालू होणाऱ्या बऱ्याच किया-ह्युंदाईंना इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी सोय) नव्हता, त्यामुळे त्या फार चोरीला गेल्या. काहींचा फक्त स्टिअरिंग कॉलम आणि मागची काच गेलेली असते. अशी गाडी घेतलीच तर चोरी रोखणारं सॉफ्टवेअर घालून घ्या, डीलरकडे फुकट मिळतं. पण आधी इन्शुरन्स विचारा. काही कंपन्या काही भागांत त्या मॉडेलना नवीन पॉलिसी देत नव्हत्या.

मेथीकूट
दुसरी गाडी सापडली आहे. २०१६ होंडा फिट, आपल्याकडची जॅझ. ८१ हजार मैल, ६,४०० डॉलर. सॅल्व्हेज ओक्लाहोमात झालं, रीबिल्टही तिथलंच. लिलावाचे फोटो विकणाऱ्या बाईंनी न मागता स्वतःच पाठवले. मागून उजव्या कोपऱ्यावर मार आहे, डिकीचं दार आणि बंपर आत गेलेले, बॅगा सगळ्या जागच्या जागी. बिलंही आहेत. टायटलवर त्यांचंच नाव आहे. बघायला जावं ना?

क्लेमवाली
जावं. ओक्लाहोमाची मर्यादा ६० टक्के आहे आणि तेव्हाची फिटची किंमत बघता हा मार त्या हिशोबात बसतो. टायटलवर विकणाऱ्याचंच नाव आहे, ही मोठी जमेची बाजू. दुसऱ्याच्या नावाचं टायटल घेऊन विकणारे बहुतेक परवाना नसलेले दलाल असतात.

इन्शुरन्सचं: पैसे देण्याआधी व्हीआयएन देऊन तीन-चार कंपन्यांना फोन करा आणि रीबिल्ट आहे हे स्पष्ट सांगा. लायबिलिटी (आपल्यामुळे समोरच्याचं झालेलं नुकसान) बहुतेक जण देतात. टेक्ससची कायदेशीर किमान मर्यादा ३०/६०/२५ आहे, म्हणजे एका जखमीला ३० हजार, एका अपघातातल्या सर्व जखमींना मिळून ६० आणि समोरच्याच्या मालमत्तेला २५. ती फार तोकडी आहे, परवडेल तेवढी वाढवा. कोलिजन (टकरीत आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान) काही कंपन्या देत नाहीत. दिलं तरी गाडी पुन्हा टोटल झाल्यावर क्लीन गाडीपेक्षा २० ते ४० टक्के कमी किंमत धरतात. ६,४०० च्या गाडीला मी कोलिजन घेणार नाही. मात्र पर्सनल इंज्युरी (आपल्या गाडीतल्यांच्या उपचाराचा खर्च) आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (ठोकणाऱ्याकडे विमाच नसेल तर) ही दोन कव्हरं सोडू नका. एजंट हप्ता कमी दाखवायला ती नाकारल्याच्या कागदावर सही घेतात, भाच्याला सांगा तिथे सही करायची नाही. रूममेट चालवणार असतील तर त्यांची नावंही पॉलिसीत घाला.

उद्यमनगर
फिटला मागून बघताना डिकीतला गालिचा उचलून तळाचा पत्रा बघायचा. सुरकुती दिसली तर धक्का आतपर्यंत गेला होता. उजवा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकाभोवतीचा पत्रा) वेल्डिंगचा असतो, बदलला असेल तर आतून गंजरोधक लावलंय का विचारा. मागचं दार एका हाताने, जोर न लावता बंद झालं पाहिजे. नंतर डिकीवर पाइपने पाणी मारून आत हात फिरवायचा, कोरडं हवं. हे जमलं तर ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या, शे-दीडशे डॉलर जातील. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये नको.

एनएचटीएसएच्या साइटवर व्हीआयएन टाकून रिकॉलही (सदोष भागासाठी कंपनीने गाडी परत बोलावली आहे का ते) बघा. टायटल कोणतंही असो, सुरक्षेच्या रिकॉलचं काम डीलर फुकट करतो. सॅल्व्हेजमधून फिरलेल्या गाड्यांचे रिकॉल राहून जातात, कारण पत्रं जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातात.

मेथीकूट
घेतली! ६,१०० ला. तपासणीत तळ सरळ, डिकी कोरडी, बॅगांचा स्कॅन स्वच्छ. मागचे दोन टायर लवकर बदलावे लागतील म्हणाले, त्यावरच तीनशे कमी झाले. एक रिकॉल बाकी होता, त्याची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. ताईला व्हिडिओवर गाडी दाखवली, तिने तिकडून हळदकुंकू लावायला सांगितलं आणि मुलांनी पटेल ब्रदर्समधून नारळ आणला. आता टायटलचं काम कसं करायचं? बाई म्हणतात सही करून देते, तुमचं तुम्ही बघा.

क्लेमवाली
अभिनंदन! बाईंना म्हणावं, काउंटी टॅक्स ऑफिसमध्ये दोघं मिळून जाऊया. टायटलच्या मागे दोघांच्या सह्या, १३०-यू फॉर्म (टायटल नावावर करायचा अर्ज), इन्शुरन्सचा पुरावा, भाच्याचं ओळखपत्र. ६.२५ टक्के सेल्स टॅक्स तिथेच भरायचा. ३० दिवसांच्या आत झालं पाहिजे, नाहीतर दंड. टायटलवरची विक्रीची तारीख आणि मैलांचा आकडा विकणाऱ्याच्या हस्ताक्षरातच असू द्या, खाडाखोड झाली तर अर्ज परत येतो.

लिलावाचे फोटो, बाईंची बिलं, मेकॅनिकचा रिपोर्ट हे सगळं स्कॅन करून एका जागी ठेवायला सांगा. उद्या कोणी मागून ठोकलं तर नुकसानभरपाई ठरवताना ते लागेल, आणि एमएस संपल्यावर तो गाडी विकेल तेव्हा पुढच्या मुलाच्या हातात ते द्यायचं आहे.